आलेखाची चौकट

चौकट ही वस्तु अशी आहे कीं, ती नीट बसली असली म्हणजे तिच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. वाड्याचें दार बसवितांना जुना सुतार प्रथम ओळंबा लावून चौकट पाही आणि मगच फळीस हात घाली. कारण चौकट एका सुतानें ढळली तर दार जन्मभर कुरकुरावयाचें. तसबिरीचेंही तेंच. आज आम्ही ज्या चौकटीविषयीं लिहिणार आहों ती मात्र लाकडाची नव्हे, शाईची आहे. शास्त्रीय निबंधांत आलेख छापलेले असतात. त्या आलेखांच्या भोंवतीं चार रेषांची एक पेटी असते, तिच्या कडेनें लहान लहान खुणा असतात व खुणांपाशीं आंकडे असतात. तीच ही चौकट.

कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत हा विषय कशासाठीं, असें वाचक कदाचित् विचारतील. त्याचीं दोन उत्तरें आहेत. एक असें कीं, हल्लीं आपल्यांतील बहुतेक घरांत एखादा मुलगा किंवा मुलगी संशोधनाच्या मार्गास लागलेली असते, आणि रात्रीं दोन वाजेपर्यंत दिवा कां जळतो असें आईनें विचारलें तर ‘आकृत्या नीट करतें आहें’ असें उत्तर येतें. त्या आकृत्यांत एवढें नीट करावयाचें तें काय, हें घरच्या माणसांस ठाऊक असलेलें बरें. दुसरें उत्तर असें कीं, ह्या चौकटीमुळें आमच्या घरच्या विहिरीची एक गोष्ट बुडतां बुडतां राहिली. ती पुढें येईलच.

आमचें मूळ गांव लोणी, तालुका आंबेगांव, जिल्हा पुणें. तालुका एकच, पण त्याचीं दोन टोंकें दोन निराळ्या मुलुखांसारखीं आहेत. पश्चिमेस भीमाशंकरचे डोंगर. तेथें आषाढ-श्रावणांत कित्येक दिवस सूर्यदर्शन होत नाहीं. त्या बाजूनें घोड नदी पूर्वेकडे उतरते आणि डिंभें येथें तिला धरण बांधलेलें आहे. आमची लोणी-धामणीची बाजू पूर्वेची, सह्याद्रीच्या पर्जन्यच्छायेंत पडलेली. ढग आमच्या डोक्यावरून जातात. थांबतातच असें नाहीं. त्यामुळें आमच्याकडे कोणाची संपत्ति किती ह्यापेक्षां कोणाच्या विहिरीस उन्हाळ्यांत पाणी किती, ही चौकशी अधिक अगत्याची समजली जाते.

शेजारच्या जुन्नर तालुक्यांत, नारायणगांवापासून जवळ, खोडद हें गांव आहे. तेथें प्राध्यापक गोविंद स्वरूप ह्यांच्या कल्पनेंतून उभी राहिलेली जगप्रसिद्ध रेडिओ-दुर्बीण आहे. तीस तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्यांतील चौदा मध्यभागीं जवळ जवळ आणि उरलेल्या सोळा तीन दिशांस पसरलेल्या, असा सुमारें पंचवीस किलोमीटरांचा विस्तार. दर वर्षीं २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनास आसपासच्या शाळांचीं मुलें तेथें जातात आणि परत आल्यावर हमखास विचारतात, ‘ह्या दुर्बिणींतून डोळा लावून कोठें पाहावयाचें?’ डोळा कोठेंच लावावयाचा नसतो. ती दुर्बीण देते ते केवळ आंकडे, आणि आंकड्यांचें दर्शन होतें तें आलेखांतून. जून २०२३ मध्यें, विश्वांत अतिमंद गुरुत्वीय लहरी सर्वत्र पसरलेल्या असाव्यात असा पुरावा जगांतील निरनिराळ्या शास्त्रज्ञमंडळांनीं प्रसिद्ध केला. त्या कार्यांत खोडदच्या दुर्बिणीचाही वाटा होता. तो पुरावाही अखेर कागदावर उतरला तो चौकटींतील बिंदु व वक्ररेषा ह्यांच्याच रूपानें. आमच्या मुलुखांत आलेख हा परका पाहुणा नव्हे.

आम्ही स्वतः शास्त्रज्ञ नव्हों. आमची उमेद पुण्यांतील एका शास्त्रीय कचेरींत आरेखकाच्या टेबलाशीं गेली. शास्त्रज्ञमंडळी आलेखपत्रावर पेन्सिलीनें काढलेला कच्चा आलेख आणून देत. आम्ही तो ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईनें उतरवून छपाईस योग्य करीत असूं. कामाचा आरंभ चौकटीपासून होई. प्रथम रूलिंग पेन होतें. त्याच्या दोन पात्यांतील अंतर स्क्रूनें कमी-अधिक करून रेषेची जाडी साधावी लागे, आणि शाई जास्त झाली तर दिवसाचें काम एका थेंबांत जाई. पुढें नळीच्या टोंकाचीं पेनें आलीं. त्यांच्या जाड्या ठरलेल्या: ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७ मिलिमीटर. हे आंकडे वरवर विचित्र दिसतात. पण प्रत्येक आंकडा मागच्याच्या सुमारें १.४ पट आहे. ए-४ कागदाहून ए-३ कागदही लांबी-रुंदींत तितक्याच पटीनें मोठा असतो. म्हणून ए-३ वर ०.५ च्या पेनानें ओढलेली रेषा ए-४ इतकी लहान केली कीं बरोबर ०.३५ ची होते. लहान-मोठें करण्यानें रेषेची जाडीही बदलते, हें सत्य ज्यानें तीं पेनें योजिलीं त्यानें आधींच हिशेबांत धरलें होतें. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगत आहों, कारण आजच्या तरुणांची निम्मी अडचण हीच आहे.

आमच्या धाकट्या बंधूंची कन्या पुण्यास भूजलाचा अभ्यास करते. २०१५ सालीं शाळेंत असतांना तिनें एका प्रकल्पासाठीं आमच्या विहिरीची पातळी मोजण्यास आरंभ केला आणि आपल्या तीन शाळासोबत्यांच्या घरच्या विहिरींवरही तोच क्रम लावून दिला. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस गांठी मारलेली दोरी सोडावयाची, कांठापासून पाण्यापर्यंतचें अंतर वहींत लिहावयाचें. प्रकल्प संपला, मुलगी पुण्यास गेली. परंतु आमच्या थोरल्या वहिनींनीं तो क्रम मोडला नाहीं. वही भरली म्हणजे नवी वही. त्याच वह्यांच्या आधारें आतां ह्या मुलीनें चार विहिरींवर एक निबंध लिहिला आणि एका नियतकालिकाकडे धाडला. विषय मान्य झाला, परंतु आकृत्या परत आल्या. संपादकांचा अभिप्राय तीन ओळींचा होता: चौकटी एकसारख्या नाहींत, रेषांच्या जाडींत मेळ नाहीं, अक्षरें वाचवत नाहींत, दहा दिवसांत सुधारून पाठवावें.

ती आकृत्या घेऊन लोणीस आली आणि म्हणाली, “काका, आंकडे सगळे बरोबर आहेत. आतां ह्यांना पेटीचा काय एवढा सोस?”

आम्हीं तिन्ही आकृत्या छापून टेबलावर शेजारीं शेजारीं मांडल्या. मांडतांच दोष दिसला. पहिली आकृति मॅटप्लॉटलिब ह्या साधनानें काढलेली. जॉन हंटर ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें २००३ सालीं तें प्रथम प्रसिद्ध केलें आणि आज तें जगभर वापरांत आहे. त्याची घरची रीत अशी कीं, चौकट चारी बाजूंची, पण खुणा फक्त डाव्या व खालच्या बाजूस, त्याही बाहेर तोंड केलेल्या. दुसरी आकृति आर नांवाच्या साधनांतील स्तंभालेखाची; तिला चौकटच नाहीं, दोन अक्ष आहेत आणि तेही कोपऱ्यांत एकमेकांस भेटत नाहींत. तिसरी ग्नूप्लॉट ह्या १९८६ पासूनच्या जुन्या साधनाची. तिची चौकट चारी बाजूंची आणि खुणा चारी बाजूंस, परंतु आंत वळलेल्या. तीन निरनिराळ्या घरांतील सुना एका पंक्तीस वाढावयास उभ्या राहिल्या म्हणजे कोणी मीठ डावीकडे वाढते, कोणी उजवीकडे, तशी ही तऱ्हा. चूक कोणाचीच नव्हे. घर एक झालें म्हणजे रीत एक ठरवावी लागते, इतकेंच. आणि ही रीतही कांहीं वेदवाक्य नव्हे. मॅटप्लॉटलिबच्या खुणा पूर्वीं आंतच वळत; २०१७ मधील दुसऱ्या आवृत्तीपासून त्या बाहेर वळूं लागल्या.

जाडीचा गोंधळ निराळा होता. छपाईंत रेषा पॉइंटांत मोजतात. बहात्तर पॉइंटांचा एक इंच, म्हणजे एक पॉइंट सुमारें ०.३५ मिलिमीटर. मॅटप्लॉटलिब चौकट काढतें ती ०.८ पॉइंटांची. पण पुतणीनें ती आकृति काढली होती १७८ मिलिमीटर रुंद, आणि नियतकालिकाच्या एका स्तंभाची रुंदी होती ८९ मिलिमीटर. (प्रसिद्ध ‘नेचर’ पत्राचाही एक स्तंभ एवढाच असतो.) आकृति निम्मी झाली कीं ०.८ ची चौकट ०.४ ची होते आणि दहा पॉइंटांचीं अक्षरें पांचाचीं होतात. शेजारची आकृति मुळांतच ८९ मिलिमीटरांची होती, म्हणून तिची चौकट तशीच राहिली. एकाच पानावर एक चौकट केसासारखी व दुसरी काजळाच्या रेघेसारखी, असें झालें तें ह्यामुळें.

रात्रीं जेवणें आटोपल्यावर हा विषय ओटीवर निघाला, आणि एकत्र कुटुंबांत कोणताही विषय निघाला म्हणजे जें होतें तेंच झालें. दोन पक्ष पडले. प्रश्न असा कीं, चौकट चारी बाजूंची असावी कीं दोन बाजूंची? पुतणीचें मत दोन बाजूंचें. तिनें एडवर्ड टफ्टी ह्या अमेरिकन पंडिताचा आधार दिला. आलेखांतील शाई शक्य तितकी आंकड्यांसाठीं खर्च व्हावी, जी रेषा कांहीं सांगत नाहीं ती पुसावी, असें त्यानें १९८३ च्या आपल्या ग्रंथांत प्रतिपादिलें आहे. वरची व उजवीकडची रेषा काय सांगते? कांहीं नाहीं. तेव्हां ती नको.

आमचे थोरले बंधु म्हणाले, “अगं, भिंतींस तरी कोण काय विचारतें? पण दोन भिंतींचें घर असतें कां?”

विनोद बाजूस ठेविला तरी त्यांच्या पक्षासही शास्त्राधार आहे. विल्यम क्लीव्हलंड ह्या संख्याशास्त्रज्ञानें १९८५ मध्यें आलेखांवर ग्रंथ लिहिला, त्यांत चारी बाजूंच्या चौकटीची शिफारस आहे. उजव्या टोंकाशीं असलेल्या बिंदूची उंची वाचावयाची तर नजरेस डावीकडचा लांबचा प्रवास पडतो. उजवीकडेही खुणा असल्या तर तो वांचतो. शिवाय क्लीव्हलंड सांगतो कीं, खुणा बाहेरच्या बाजूस काढाव्या आणि आंकड्यांचें क्षेत्र चौकटीच्या किंचित् आंत ठेवावें, म्हणजे रेषा व बिंदु एकमेकांवर चढत नाहींत. खगोलशास्त्रज्ञांची वहिवाट मात्र बहुधा चार बाजू आणि आंत वळलेल्या खुणा अशी आहे. आलेखांचा आद्य प्रवर्तक विल्यम प्लेफेअर ह्यानें १७८६ सालीं इंग्लंडच्या व्यापाराचे आलेख तांब्याच्या पत्र्यावर कोरवून छापले, तेही चारी बाजूंनीं बंदिस्त चौकटींतच. म्हणजे सुमारें दोनशें चाळीस वर्षें ज्ञात्यांत ज्याविषयीं एकमत झालें नाहीं, तें आमच्या ओटीवर एका रात्रींत होण्याचा संभव नव्हता.

आम्हीं तडजोड सुचविली ती अशी: एकटा आलेख असेल तर दोन बाजू पुरेत, परंतु चार विहिरींचे चार आलेख एकाखालीं एक लावावयाचे असतील तर चारी बाजू असाव्या, नाहींपेक्षां एकाचें आंगण कोठें संपतें व दुसऱ्याचें कोठें सुरू होतें तें कळत नाहीं. आणि जें ठरेल तें सर्व आकृत्यांस सारखें लागूं व्हावें. हें सर्वांस पटलें. पुतणीनें त्याच रात्रीं संगणकावर बसून चौकटी सारख्या केल्या. पहिल्या आकृतीची रुंदी बदलण्याऐवजीं तिनें जवळचा मार्ग घेतला. आकृति निम्मी होणार म्हणून अक्षरें व चौकट दोन्हीं दुप्पट केलीं. अक्षरें दहाचीं वीस पॉइंटांचीं झालीं, चौकट ०.८ ची १.६ पॉइंटांची. सकाळीं तिनें नवी आकृति छापून आणली. चौकट ठसठशीत, चारी आलेख सारखे, दृष्ट लागावी असे.

थोरल्या वहिनी देवपूजा आटोपून आल्या. त्यांनीं चष्मा लावून आकृति हातांत घेतली, आपल्या विहिरीच्या आलेखावरून बोट फिरविलें आणि विचारलें, “ह्यांत २०१९ चा उन्हाळा कोठें आहे?”

“आहे ना काकू,” पुतणी म्हणाली, “ही रेघ खालीं जाते ना, तोच तो.”

“खालीं जाते खरी, पण पुढें दिसत नाहीं. फेब्रुवारीनंतर एकदम जुलैच.”

आम्ही जवळ जाऊन पाहिलें. वहिनींचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. २०१८ च्या पावसाळ्यानें महाराष्ट्राच्या मोठ्या भागास दगा दिला. त्या वर्षीं ऑक्टोबरअखेर राज्य सरकारनें १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता. पुढच्या मार्चपासून जूनपर्यंत आमची विहीर कोरडी होती. घरांत माणसें अकरा, गोठ्यांत दोन गाई. टँकर येण्याच्या वेळेवर स्वयंपाक ठरे, आणि धाकट्या सुनेचें बाळंतपण त्याच दिवसांत झालें. वहिनींनीं त्या चारही महिन्यांच्या पहिल्या तारखेस दोरी सोडली होती. दोरी तळास लागली, तेव्हां त्यांनीं वहींत तळाचीच खोली लिहिली: बारा मीटर. आणि आतां ते चार महिने आलेखांतून नाहींसे झाले होते.

कोणी मुद्दाम गाळले नव्हते. ते कसे गेले हें समजून घेण्यासारखें आहे. विहीर बारा मीटर खोल, म्हणून पुतणीनें आलेखाचा उभा अक्षही बारा मीटरांवरच संपविला होता. खोलीचा आलेख असल्यामुळें शून्य वर आणि बारा खालीं. त्यामुळें कोरड्या महिन्यांची रेषा नेमकी चौकटीच्या खालच्या रेषेवर आली. आतां संगणकाची रीत अशी कीं, आलेखाच्या क्षेत्राबाहेर गेलेला रेषेचा भाग तो कापून टाकतो, आणि चौकट आंकड्यांच्या रेषेवरून सर्वांत शेवटीं ओढतो. पुतणीची रेषा एक पॉइंटाची. तिचा अर्धा भाग, म्हणजे अर्धा पॉइंट, बाहेर पडून कापला गेला व अर्धा आंत उरला. पूर्वींची चौकट ०.८ ची असतांना तिचा आंतील भाग ०.४ चा होता. म्हणून विहिरीची रेषा दशांश पॉइंट तरी डोकें वर काढून होती, जरी तेवढें कोणास दिसण्याजोगें नव्हतें. चौकट १.६ ची केल्यावर तिचा आंतील भाग ०.८ चा झाला आणि ती रेषा पूर्णपणें झांकली गेली. दोन्ही रेषा काळ्याच. चौकट जितकी सुबक झाली तितका दुष्काळ तिच्या खालीं गडप झाला.

पुतणी क्षणभर गप्प राहिली; मग म्हणाली, “काका, अक्ष तेरा मीटरांपर्यंत वाढवितें. पांच मिनिटांचें काम.”

आम्हीं म्हटलें, “वाढीव. पण तेवढ्यानें भागेल असें वाटत नाहीं. कोरड्या विहिरीची खोली बारा मीटर असें म्हणतां येईल कां?”

ह्या प्रश्नांत खरी मेख होती. दोरी बारा मीटरांवर तळास टेकली ह्याचा अर्थ पाणी बारा मीटरांवर होतें असा नव्हे. पाणी बारा मीटरांच्या खालीं कोठें तरी होतें, किती खालीं तें दोरीस कळणें शक्य नव्हतें, एवढाच त्याचा अर्थ. हें मोजमाप नव्हे, मर्यादा आहे. आणि पुतणीच्या निबंधांत एक निष्कर्ष असा होता कीं, गेल्या दहा वर्षांत उन्हाळी पाण्याची सरासरी खोली फारशी वाढलेली नाहीं. ती सरासरी काढतांना कोरडे महिने बारा मीटर म्हणूनच धरले होते. ज्या विहिरीचा तळच बारा मीटरांवर आहे ती तेरा मीटर कशी दाखविणार? पाणी कितीही खोल गेलें तरी तिचा आंकडा बारावरच थांबावयाचा, आणि मग खोली वाढली नाहीं असेंच दिसावयाचें. चार विहिरींपैकीं आणखी एक विहीर त्याच उन्हाळ्यांत आटली होती. तिचीही तीच गत.

पुतणीच्या ध्यानांत हें येण्यास वेळ लागला नाहीं. ती बुद्धीची तल्लख आहे. परंतु ध्यानांत येणें निराळें आणि पत्करणें निराळें. दहांतील चार दिवस गेले होते. संपादकांनीं चौकट सारखी करण्यास सांगितलें होतें, निष्कर्ष बदलण्यास नव्हे. परीक्षकांनीं तो निष्कर्ष वाचून मान्य केला होता. तो गाळला तर निबंध दुबळा होणार, कदाचित् पुन्हां परीक्षकांकडे जाणार, आणि तिच्या पदवीची मुदत जवळ आलेली. धाकटे बंधु, म्हणजे तिचे वडील, म्हणाले कीं, चौकट दुरुस्त करून धाडावी, बाकीचें पुढच्या निबंधांत पाहतां येईल. त्यांचें म्हणणें अगदींच चुकीचें होतें असें नाहीं. मुलीच्या काळजीनेंच ते बोलत होते. आम्ही गप्प राहिलों. निबंध तिचा, नांव तिचें. निर्णयही तिचाच असला पाहिजे.

ह्या संदर्भांत शास्त्राच्या इतिहासांतील एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अंटार्क्टिकावरील हॅली बे येथील ब्रिटिश केंद्रांत वातावरणांतील ओझोनचें मापन वर्षानुवर्षें चाललें होतें. मे १९८५ मध्यें जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर व जोनाथन शँकलिन ह्या तिघांनीं ‘नेचर’मध्यें जाहीर केलें कीं, तेथें वसंत ऋतूंत ओझोन अतोनात घटत आहे. अमेरिकेचा उपग्रहही त्याच आकाशाचें मापन करीत होता, आणि त्याच्याही आंकड्यांत ती घट होतीच. परंतु इतके कमी आंकडे अपेक्षेच्या मर्यादेबाहेरचे म्हणून संशयास्पद ठरवून बाजूस ठेविले गेले होते. पुढें ते पुन्हां तपासले तेव्हां घट खरी ठरली. दोन वर्षांनीं, १९८७ मध्यें, माँट्रियल येथें राष्ट्रांचा करार झाला. म्हणजे जगास हादरविणारी गोष्ट आंकड्यांत होती, पण आधींच आंखून ठेविलेल्या चौकटींत ती बसत नव्हती. लोणीच्या एका विहिरीची तुलना ओझोनाशीं करण्याचा आमचा आव नाहीं. पण रीत एकच आहे.

दुसऱ्या दिवशीं पुतणीनें आपल्या मार्गदर्शकांस सर्व कळविलें आणि संपादकांकडे तीन आठवड्यांची मुदत मागितली. ती मिळाली. मग ती व आम्ही मिळून आकृति मुळापासून नवी काढावयास बसलों. रुंदी आधींच ८९ मिलिमीटर धरली, म्हणजे लहान-मोठें करण्याचा प्रश्नच राहिला नाहीं. चौकट ०.८ पॉइंटांची, चारी बाजूंस, खुणा बाहेर. उभा अक्ष तेरा मीटरांपर्यंत नेला आणि बारा मीटरांवर एक फिकट तुटक रेघ काढून तिच्याशीं ‘विहिरीचा तळ’ असें लिहिलें. कोरड्या महिन्यांस बिंदु न देतां खालीं टोंक केलेला बाण दिला. ही युक्ति पुतणीनें खगोलशास्त्रज्ञांकडून घेतली. आकाशांतील एखाद्या स्थानाहून संदेश आलाच नाहीं तर ते शून्य लिहीत नाहींत, ‘ह्याहून कमी’ अशा अर्थाचा खालीं वळलेला बाण काढतात. आमच्या आलेखांतही बाणाचा अर्थ तोच: पाणी ह्याच्या खालीं आहे.

सरासरीच्या जागीं तिनें मध्यक घेतला. आंकडे चढत्या क्रमानें मांडून मधला उचलावयाचा. निम्म्याहून कमी महिने कोरडे असतील तर कोरडी विहीर बारा खोल कीं वीस, ह्यानें मधल्या आंकड्यास बाध येत नाहीं. आणि ‘खोली फारशी वाढलेली नाहीं’ हें वाक्य काढून त्या जागीं तिनें लिहिलें कीं, दोन विहिरी २०१९ मध्यें आटल्या असल्यामुळें त्या काळची खोली किती वाढली हें ह्या नोंदींवरून सांगतां येत नाहीं. निबंध एका निष्कर्षानें उणा झाला. तो आतां पुन्हां परीक्षकांकडे आहे. निकाल लागावयाचा आहे. मुलगी अधूनमधून चिंतेंत दिसते, आणि तिच्या वडिलांचा चेहरा अजून पुरता उलगडलेला नाहीं.

ज्या घरांत अशीं कामें चाललीं असतील त्यांच्यासाठीं, टेबलाशीं काढलेल्या वर्षांच्या आधारानें, चार गोष्टी सांगतों. आकृति कोठें व किती रुंद छापली जाणार हें आधीं विचारावें आणि त्याच रुंदीची काढावी. मागाहून ताणूं किंवा आंखडूं नये. सर्व आकृत्यांच्या चौकटीची जाडी, बाजू व खुणांची दिशा एकदांच ठरवून संगणकास एकाच ठिकाणीं लिहून द्यावी, म्हणजे प्रत्येक वेळीं हातानें फिरवाफिरव करावी लागत नाहीं. चार बाजू सुट्या रेषांनीं जोडल्या असतील तर कोपरे मोठे करून पाहावे. पुष्कळदां तेथें उंदरानें कुरतडल्यासारखी खांच राहते. आकृति ठिपक्यांच्या चित्राच्या रूपांत न ठेवतां रेषारूपानेंच जतन करावी, म्हणजे छापतांना कडा फुटत नाहींत. आणि सर्वांत महत्त्वाचें हें कीं, कोणताही बिंदु चौकटीवर टेकलेला दिसला तर हात थांबवावा. तो तेथें कां टेकला, मोजपट्टी तेथें संपली कीं आपण अक्ष तेथें संपविला, हें शोधल्यावांचून पुढें जाऊं नये. हें सर्व झाल्यावर आकृति कागदावर छापावी आणि ज्यानें ते आंकडे स्वतः गोळा केले त्या माणसास दाखवावी. पंडितास दाखविण्याचें मागाहून पाहतां येतें.

थोरल्या वहिनींनीं ह्या प्रकरणानंतर आपल्या वहींत एक बदल केला आहे. पूर्वीं त्या कोरड्या महिन्यापुढें तळाची खोली लिहीत. आतां ‘कोरडी, दोरी तळास लागली’ असें अक्षरांत लिहितात. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं विहीर आहे त्यांनीं अशी एक वही अवश्य ठेवावी. महिन्याची पहिली तारीख, एक दोरी आणि दोन मिनिटें, इतकेंच तिला लागतें. पाणी असेल तर खोली लिहावी. नसेल तर जागा कोरी सोडूं नये, शून्य घालूं नये, ‘कोरडी’ असेंच स्पष्ट लिहावें. दहा वर्षांनीं कोणाची मुलगी ती वही उघडील हें आज कोणास ठाऊक?